लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मैदानात

गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झालेला खेळाडू पुन्हा कधी खेळणार, हा प्रश्न नेहमी महिन्यांत विचारला जातो आणि उत्तरही महिन्यांतच मिळते : सहा, नऊ, बारा. महिने मोजावे लागतात हे खरे, पण ते उत्तराचा एक भाग आहेत. शस्त्रक्रिया साधारण तास-दीड तासात होते. त्यानंतरचे जवळपास वर्षभर गुडघ्याला, मांडीला आणि मनाला पुन्हा खेळण्याजोगे करावे लागते. पुनरागमन टिकेल की नाही, हे बहुतांशी त्या वर्षात काय केले यावर ठरते.

बीड जिल्ह्यासाठी हा विषय ११ जुलै २०२५ रोजी एकदम जवळचा झाला. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे त्या दिवशी मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेस धावत होता. पाण्याच्या अडथळ्यावर तो पडला आणि शर्यत अर्धवट राहिली. तपासणीत गुडघ्यातील एसीएल नावाचे लिगामेंट फाटल्याचे आणि मेनिस्कस या सांध्यातल्या गादीलाही इजा झाल्याचे निष्पन्न झाले. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमध्ये टोकियोला झालेल्या जागतिक स्पर्धेला त्याला मुकावे लागले. शेतकरी घरातला हा मुलगा बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि २०१८ मध्ये भुवनेश्वरला गोपाल सैनी यांचा ३७ वर्षे टिकलेला राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्णपदक सेकंदाच्या पाच शतांशांनी हुकले, तर २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने ते मिळवले. ७ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम नोंदवला आणि पुढच्याच महिन्यात ऑलिम्पिक स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला. अशा गुडघ्यावर जिल्ह्याचे लक्ष असणारच.

स्टीपलचेस ही गुडघ्याची कठोर परीक्षा आहे. साडेसात फेऱ्यांत २८ वेळा अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. पुरुषांच्या शर्यतीतील अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच असतो आणि तो हर्डलसारखा धक्क्याने पडत नाही. पाण्याच्या उडीच्या जागी त्याच्या पुढे ३.६६ मीटर लांबीचा खड्डा असतो. धावपटू अडथळ्यावर पाय देऊन झेपावतो आणि पाण्याखालच्या उतारावर एका पायावर उतरतो. धावता वेग, ओला पृष्ठभाग, आजूबाजूला धावणाऱ्यांची दाटी आणि सगळे वजन एका गुडघ्यावर, असा हा क्षण असतो.

गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकलेले असते आणि पुढे वाटी असते. खुब्याच्या सांध्याला खोलगट खोबणीचा आधार मिळतो, तसा गुडघ्याला मिळत नाही. त्याचे स्थैर्य चार प्रमुख लिगामेंट आणि भोवतीचे स्नायू सांभाळतात. दोन लिगामेंट सांध्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला असतात, तर दोन सांध्याच्या गाभ्यात एकमेकांना छेदून जातात. गाभ्यातील पुढचे ते अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट, म्हणजेच एसीएल. जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांबीचा हा पट्टा नडगीला पुढे सरकू देत नाही आणि गुडघ्याला प्रमाणाबाहेर पिरगळू देत नाही. पाय कुठल्या स्थितीत आहे याची जाणीव मेंदूला करून देणारे मज्जातंतूही त्यात असतात. म्हणूनच एसीएल तुटल्यावर बळ कमी होतेच, शिवाय अंदाजही चुकू लागतो. दोन हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराचे दोन मेनिस्कस असतात. बोलीत त्यांना ‘गुडघ्यातली गादी’ म्हणतात. एसीएलबरोबर तेही फाटण्याचे प्रमाण मोठे आहे.

एसीएल बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागताच तुटते. पाय जमिनीवर रोवलेला, गुडघा किंचित वाकून आत कललेला आणि अंग दुसऱ्या दिशेला वळत असताना ते फाटते. खो-खोत खांबाला वळसा घालताना, व्हॉलीबॉलमध्ये उडीनंतर उतरताना किंवा कबड्डीत चढाईवरून परतताना अचानक दिशा बदलली की हीच स्थिती येते. कबड्डीत घोटा पकडला गेल्यावर आणि कुस्तीत पट काढताना पाय पिरगळल्यावर बाहेरचा जोरही त्यात मिळतो. कुस्ती हा बीडच्या गावोगावच्या जत्रांचा जीव आहे. २०१८ चा राष्ट्रकुल सुवर्णविजेता आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेतला कांस्यविजेता राहुल आवारे पाटोद्याचा. त्यामुळे तालमीतल्या वस्तादांना ही दुखापत ओळखता येणे फार गरजेचे आहे. मुलींमध्ये ती मुलांच्या निदान दुपटीने आढळते, हेही मुलींचे संघ घडवणाऱ्या क्रीडाशिक्षकांनी लक्षात ठेवावे.

लक्षणे बरीच ठरावीक असतात. गुडघ्यात ‘कट’ असा आवाज आल्याचे खेळाडू सांगतो, पुढे खेळता येत नाही आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. इतक्या लवकर आलेली सूज म्हणजे सांध्यात रक्त साचल्याची शक्यता दाट. गावात अशा वेळी मालीश, शेक आणि लचक ओढून काढणे सुरू होते. पहिल्या काही दिवसांत या तिन्ही गोष्टी अपायकारक आहेत. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंचावर ठेवणे, भार न देणे आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवणे एवढेच करावे. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, त्यामुळे ‘हाड मोडलेले नाही’ हा दिलासा अपुरा असतो. अनुभवी डॉक्टर गुडघा थोडा वाकवून नडगी पुढे ओढून पाहतात. लॅकमन चाचणी या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी बहुतांशी निदान करते आणि एमआरआय ते पक्के करते.

खरी फसगत पुढच्या महिन्यात होते. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, दुखणे थांबते, चालणे सुरळीत होते आणि लिगामेंट जुळल्याचा समज होतो. पूर्ण तुटलेले एसीएल सहसा आपोआप जुळत नाही. पहिल्याच सरावात वळताना गुडघा सटकतो. दर वेळी सटकताना मेनिस्कस आणि हाडांच्या टोकांवरची कूर्चा थोडी थोडी चिरडली जाते. लिगामेंट नवे बसवता येते, पण झिजलेली कूर्चा पुन्हा पहिल्यासारखी करता येत नाही. म्हणून निदानातली दिरंगाई सर्वांत महाग पडते.

प्रत्येक एसीएलला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, सक्रिय रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाची लवकर शस्त्रक्रिया केली गेली. दुसऱ्या गटाला आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक नव्हता आणि पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातल्या सुमारे निम्म्यांना शस्त्रक्रिया लागली नव्हती. सरळ चालणे, सायकल किंवा पोहणे एवढ्याच हालचाली असणाऱ्यांना हा मार्ग खुला आहे. वारंवार दिशा बदलावी लागणाऱ्या खेळात परतायचे असेल, गुडघा सटकत असेल किंवा मेनिस्कस शिवण्याजोगा असेल, तर बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. तीही सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईने करत नाहीत. आधी सूज उतरवून गुडघा पूर्ण सरळ होऊ देतात आणि मांडीला बळ आणतात. शस्त्रक्रियेपूर्वी मांडी जितकी भक्कम, तितके पुढचे वर्ष सोपे जाते.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. तुटलेले एसीएल शिवून भागत नसल्याने बहुधा रुग्णाच्याच शरीरातली एखादी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, त्या जागी बसवतात. ती मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगची, वाटीखालची किंवा वाटीवरची असते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडून कंडरा त्यातून ओवतात आणि स्क्रूने किंवा छोट्या बटणाने पक्की करतात. कंडरा कुठली घ्यावी हे खेळावर आणि शल्यविशारदाच्या अनुभवावर ठरते.

या सगळ्या विषयात लोकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट यापुढची आहे. बसवलेली कंडरा, म्हणजे ग्राफ्ट, पहिल्या दिवशी स्क्रूच्या जोरावर घट्ट असते, पण तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यातल्या आधीच्या पेशी मरतात. मग सांध्यातून नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी तिच्यात शिरतात, जुने तंतू काढून नवे घालतात आणि हळूहळू कंडरेचे रूपांतर लिगामेंटसारख्या ऊतीत होते. दोरखंडाचे जुने पीळ एकेक उसवून त्याच जागी नवे वळत जावेत, तसे हे काम चालते. पीळ बदलत असताना दोर सर्वांत कच्चा असतो. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ग्राफ्ट असाच कच्चा असतो, आणि नेमके तेव्हाच टाके भरलेले, सूज उतरलेली, चाल सुधारलेली असते. रुग्णाला गुडघा बरा झाल्यासारखा वाटतो. मोटारसायकलला किक मारणे, विहिरीच्या पायऱ्या भरभर उतरणे, पोरांबरोबर दोन डाव खेळून पाहणे हे सगळे याच काळात घडते. ग्राफ्टचे हे रूपांतर वर्षभर, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ चालते. कितीही खर्च केला, कितीही औषधे घेतली, तरी ते घाईने होत नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत तीन उद्दिष्टे असतात : सूज उतरवणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला जागे करणे. सांध्यात सूज आणि वेदना असली की मज्जासंस्था हा स्नायू जणू बंद ठेवते आणि मांडी काही दिवसांतच रोडावलेली दिसते. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी घेणे ही घरोघरी होणारी चूक आहे. त्यामुळे गुडघा किंचित वाकलेला राहतो, तसाच आखडतो आणि माणूस कायमचा लंगडू शकतो. उशीऐवजी टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि गुडघा खाली दाबत मांडी आवळावी. पलंगावर करायच्या या व्यायामाला यंत्र लागत नाही, मात्र तो दिवसातून अनेकदा करावा लागतो. शहरातल्या फिजिओथेरपी केंद्रात रोज जाणे आष्टी-पाटोद्याच्या रुग्णाला परवडत नाही. पहिल्या दोन महिन्यांतला बराचसा व्यायाम घरीच होण्यासारखा आहे. दर पंधरा दिवसांनी फिजिओथेरपिस्टने तपासून पुढची पायरी ठरवून दिली, तर अंतर फार आड येत नाही.

मराठवाड्यातल्या घरांत आणखी एक अडचण असते आणि दवाखान्यात तिचा विचार क्वचितच होतो. शौचालय भारतीय पद्धतीचे असते आणि जेवण जमिनीवर मांडी घालून. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे उकिडवे बसता येत नाही आणि मेनिस्कस शिवला असेल तर हे बंधन चार ते सहा महिने राहू शकते. कमोडची खुर्ची शस्त्रक्रियेपूर्वीच घरात आणून ठेवावी.

सहा आठवड्यांच्या सुमारास कुबड्यांशिवाय चालणे आणि स्थिर सायकल चालवणे जमते. मेनिस्कस शिवला असेल तर हे उशिराने होते. मग अर्ध्या उठाबशीचे प्रकार, पायरी चढ-उतार आणि एका पायावर तोल सांभाळणे येते. सरळ रेषेतले हळू धावणे साधारण तीन ते चार महिन्यांनी सुरू होते, तेही सूज नसेल, गुडघा पूर्ण सरळ होत असेल आणि मांडीत पुरेसे बळ आले असेल तरच. उड्या त्यानंतर, आधी दोन पायांवर आणि मग एका पायावर. दिशा बदलणे सहाव्या महिन्याच्या आसपास, आणि प्रत्यक्ष झुंज किंवा शर्यत सर्वांत शेवटी. लांब पल्ल्याच्या धावपटूला सरळ धावणे लवकर परत मिळते, कारण त्यात एसीएलवर पिरगळण्याचा ताण कमी असतो. स्टीपलचेसवाल्यासाठी मात्र अडथळा ओलांडून एका पायावर उतरणे हीच शेवटची आणि अवघड पायरी आहे.

पुनरागमनासाठी सांगितला जाणारा नऊ महिन्यांचा आकडा हवेतून आलेला नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर खेळात परतलेल्यांवर दोन वर्षे लक्ष ठेवले. नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके लांबवले, तितकी प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याची शक्यता सुमारे ५१ टक्क्यांनी घटत गेली. ठरवलेल्या चाचण्या उत्तीर्ण न होता परतलेल्यांपैकी ३८ टक्के खेळाडूंचा गुडघा पुन्हा दुखावला, तर उत्तीर्ण होऊन परतलेल्यांपैकी सहा टक्क्यांहून कमी खेळाडूंचा. कॅलेंडर आणि चाचणी या दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, हा त्याचा सरळ अर्थ.

या चाचण्यांत गूढ काही नाही. मांडीचे बळ यंत्रावर मोजतात. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, रेषेच्या आलटून-पालटून दोन्ही बाजूंना उड्या आणि सहा मीटर अंतर एका पायावर कमीत कमी वेळात कापणे अशा चार परीक्षा घेतात. दुखापतीच्या पायाची कामगिरी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के हवी. उड्यांच्या परीक्षेला मोजपट्टी, घड्याळ आणि सपाट जागा पुरते, त्यामुळे ती फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तालुक्याच्या मैदानावरही घेता येते. एक खबरदारी मात्र हवी. वर्षभर सराव बंद असल्याने चांगला पायही कमजोर झालेला असतो, त्यामुळे त्याच्याशी केलेली तुलना फसवी ठरू शकते. शस्त्रक्रियेपूर्वीच त्या पायाची मोजमापे लिहून ठेवली तर पुढे खरा हिशेब लागतो.

टप्प्याटप्प्याने परतण्याचा नियम धावण्या-झुंजीच्या खेळांपुरता नाही. गोल्फ हा शांत खेळ समजला जातो, पण गुडघ्याच्या दृष्टीने तो तसा नाही. उजव्या हाताने खेळणाऱ्याचे सगळे अंग फटक्याच्या वेळी रोवलेल्या डाव्या पायावर फिरते आणि पिरगळण्याचा ताण डाव्या गुडघ्यावर येतो. गोल्फपटू टायगर वूड्सचे डावे एसीएल २००७ मध्ये धावताना फाटले. तो खेळत राहिला आणि जून २००८ मध्ये, नडगीत बारीक तडे असताना, त्याने अमेरिकन ओपन जिंकली. सुमारे आठवडाभराने त्याने एसीएलची शस्त्रक्रिया करवून घेतली, आठ महिने विश्रांती घेऊन फेब्रुवारी २००९ मध्ये तो परतला आणि मार्चमध्ये स्पर्धा जिंकला. हौशी खेळाडूलाही क्रम पाळावा लागतो : आधी जवळचे हलके पटिंग, मग अर्ध्या झोक्याचे फटके आणि सुमारे सहा महिन्यांनंतर, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, पूर्ण झोका. पुढचा पाय थोडा बाहेरच्या बाजूला वळवून उभे राहिल्यास गुडघ्यावरचा ताण कमी होतो.

बीडमध्ये खेळापेक्षा मोठा प्रश्न कष्टाच्या कामाचा आहे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दिवसभर वाकून तोडणी करणे, उसाची मोळी डोक्यावर घेणे, फळीवरून ट्रकवर चढणे आणि फडातल्या सऱ्यांमधून चालणे, यात गुडघ्याला खेळाडूइतकाच भार आणि पीळ पडतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल आधीच घेतलेली असते. जोडीतला एक जण जायबंदी झाला की हंगाम बुडतो, म्हणून लंगडतही काम सुरू राहते. अशा माणसाला ‘सहा महिने आराम करा’ सांगणे पुरेसे नाही. सरळ चालणे कधी, वजन उचलणे कधी, चढणे कधी हे टप्प्याटप्प्याने लिहून द्यायला हवे आणि शस्त्रक्रियेची वेळ हंगाम संपताना धरायला हवी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि बीडचे जिल्हा रुग्णालय यांच्यापर्यंत जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यातून पोहोचता येते. हा सल्ला तिथेच मिळाला तर कित्येक गुडघे वाचतील.

शरीर तयार झाले तरी मन मागे राहू शकते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांची बेरीज मांडणाऱ्या आढाव्यानुसार शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळात परतले, ६५ टक्के पूर्वीच्या पातळीवर आणि स्पर्धात्मक खेळात फक्त ५५ टक्के. बळ परत येऊनही न परतणाऱ्यांच्या अडचणींत पुन्हा तुटण्याची भीती प्रमुख असते. ही भीती मोजण्यासाठी बारा प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. भिऊन खेळणारा खेळाडू नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो, म्हणून या भीतीची दखल उपचारातच घ्यावी लागते. संघातून बाहेर न काढणे, सरावाला बोलावणे, झेपेल तेवढी कसरत देणे ही प्रशिक्षकाच्या हातातली औषधे आहेत. कुस्तीपटू विनेश फोगटच्या गुडघ्यावर १७ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि ६ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने जपानच्या युई सुसाकीला हरवले. तिच्यामागे पूर्णवेळ तज्ज्ञांचे पथक होते. तालमीतल्या पोराने तिच्याकडून हिंमत घ्यावी, वेळापत्रक घेऊ नये.

पुन्हा दुखापत होण्याचा धोका पहिल्या दोन वर्षांत सर्वाधिक असतो. पंचवीसच्या आतल्या, पुन्हा मैदानात उतरलेल्या खेळाडूंमध्ये सुमारे २३ टक्के जणांचे एसीएल दुसऱ्यांदा तुटल्याचे आढळले आहे, आणि त्यात न दुखावलेल्या पायाचे एसीएल तुटणेही धरलेले आहे. म्हणून पुनरागमनानंतरही व्यायाम सुटता कामा नये आणि तो दोन्ही पायांचा हवा. फिफाने तयार केलेला ‘इलेव्हन प्लस’ हा साधारण २० मिनिटांचा सराव खास साधनांशिवाय होतो. हळू धावणे, एका पायावर तोल, हॅमस्ट्रिंगचा व्यायाम, उडीनंतर गुडघे आत न कलू देता मऊपणे उतरणे, असे व्यायाम त्यात असतात. आठवड्यातून निदान दोनदा, सरावाच्या सुरुवातीला तो करायचा असतो. शाळेच्या कबड्डी-खो-खोच्या संघांनाही तो चालतो, आणि शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूने तो खेळत असेपर्यंत चालू ठेवायचा असतो. एसीएल तुटलेल्या गुडघ्याला दहा-वीस वर्षांत संधिवाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, मग शस्त्रक्रिया झालेली असो वा नसो. मांडीचे बळ टिकवणे आणि वजन आटोक्यात ठेवणे ही खबरदारी खेळ सुटल्यावरही घ्यावी लागते.